डाग जुना, इजा मात्र दर महिन्याची

मुरूम जातो, भाजलेलं भरून येतं, इसब बरं होतं आणि काळा डाग मागे राहतो. त्वचेच्या ओपीडीत असे डाग इतके येतात की मलम लिहून पुढचा पेशंट बोलावणं सोपं जातं. आमच्यातले बरेच जण तेच करतात.

त्या बाई वापरून संपलेल्या मलमांच्या ट्यूबा पिशवीत घालून आल्या होत्या. वरच्या ओठाच्या कडेला, मनगटावर आणि मांडीवर एकेक गोल डाग, तिन्ही अनेक वर्षांचे. आधीच्या सगळ्या कागदांवर एकच निदान होतं: दाहानंतरचा काळेपणा. ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. दाह कशाचा, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

अशा डागाचा रंग नीट बघावा लागतो. इजा झाली की दाहात सुटणाऱ्या रसायनांमुळे रंगपेशी जादा मेलॅनिन बनवतात. ते वरच्या थरातच राहिलं तर डाग तपकिरी दिसतो आणि त्वचा झडत जाते तसा काही महिन्यांत फिका होतो. पण दाहाने वरच्या थराचा तळ फाटला, तर मेलॅनिन खाली सांडतं. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि वर्षानुवर्षं धरून ठेवतात. तो डाग पाटीच्या दगडासारखा करडा-निळसर दिसतो. बाईंचे तिन्ही डाग तसेच होते.

इतक्या खोलवरच्या रंगावर मलमाचा फारसा इलाज चालत नाही. तरी त्यांना हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिहेरी मलम महिनोन्‌महिने लावायला सांगितलं होतं. हे मलम काही आठवड्यांपुरतं, तेही देखरेखीखाली वापरायचं असतं. ओठाजवळची त्वचा पातळ होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या होत्या. मध्येच कुणी लेसरही करून टाकला होता. सावळ्या त्वचेत लेसरची उष्णताच नवा डाग पाडू शकते, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

"कुठलं औषध चालू आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही, डॉक्टर."

पण त्या दिवशी ओठावरच्या डागाला लाल कड होती आणि तिथे चुरचुरत होतं. इतक्या जुन्या डागाला लाल कड का यावी? मलमाने फरक पडतो का, हे बघायला बाई ओठाचे फोटो काढून ठेवत. त्यांच्या फोनवर मी तारखेने मागे मागे जात राहिले. डाग फिका होत आलेला, मग एकदम जांभळट लाल, मग काळा. पुन्हा फिका, पुन्हा लाल. साधारण महिन्याच्या अंतराने.

"पाळीत पोट दुखलं तर काय घेता?"

"एक गोळी घेते. पण ते काय औषध आहे का?"

गोळीत मेफेनॅमिक ॲसिड होतं. कधी या नावाची गोळी, कधी त्या, तर कधी दुसऱ्या वेदनाशामकासोबतचं मिश्रण. आत रसायन तेच. हा फिक्स्ड ड्रग इरप्शन, म्हणजे एखाद्या औषधाने दर वेळी त्याच जागी उठणारा चट्टा. ब्रोक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने 1894 मध्ये त्याला नाव दिलं. एकदा चट्टा उठला की तिथल्या त्वचेत टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, ठाण मांडून बसतात. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत त्याच जागी दाह होतो आणि रंगाचा आणखी एक थर खाली सांडतो. वेदनाशामकं, सल्फाची औषधं, टेट्रासायक्लिन ही यातली नेहमीची कारणं.

खात्रीसाठी दाह ओसरल्यावर पॅच टेस्ट केली, म्हणजे तेच औषध त्वचेवर लावून पाहिलं. ती डागावरच करावी लागते, कारण त्या पेशी तिथेच असतात. मांडीवरच्या डागावर लाली आली, पाठीची निरोगी त्वचा कोरी राहिली.

"म्हणजे रोज मलम लावायचं आणि दर महिन्याला मीच डाग पाडायचा, असं चाललं होतं?" त्या म्हणाल्या. दोष तुमचा नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरंच आहे. "औषध चालू आहे का" असं विचारलं की लोक बीपीच्या, साखरेच्या गोळ्या आठवतात. डोकं, पोट, दात दुखल्यावर काय घेता, हे विचारायला आणखी अर्धा मिनिट लागतो. इतक्या कागदांमध्ये तो अर्धा मिनिट कुणालाच मिळाला नव्हता, हे माझ्या मनातून जात नाही.

औषधाचं मूळ नाव मी कार्डावर लिहून दिलं आणि ते पर्समध्ये ठेवायला सांगितलं. तिहेरी मलम बंद केलं. ॲझेलेइक ॲसिड दिलं, आणि लोहाच्या ऑक्साइडचं रंगीत सनस्क्रीन, कारण सावळ्या त्वचेला अतिनील किरणांप्रमाणे दिसणारा प्रकाशही काळवंडवतो आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

लाल कड पुन्हा आलेली नाही. ओठावरचा डाग बराच उतरलाय, मनगटावरचा किंचित. मांडीवरचा आहे तसाच आहे आणि कदाचित तसाच राहील, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. त्यांना पुन्हा लेसर करून हवाय. आधी डागाच्या कोपऱ्यातल्या छोट्या तुकड्यावर करून काही महिने वाट बघू, एवढ्यालाच मी तयार आहे. त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही.