शेऱ्याचा रकाना

शुक्रवार, रात्र

मुलांनी शिक्षकांविषयी भरून दिलेल्या अभिप्राय-अर्जांचे काम आज एकदाचे हातावेगळे केले. विभागप्रमुखांनी गठ्ठे माझ्याकडे सोपवले तेव्हा मी सुचवून पाहिले होते, की स्वतःचे अर्ज स्वतःच मोजणे बरे दिसत नाही, पण "मॅडम, तुमच्याबद्दल कोण काय वाईट लिहिणार आहे?" असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले, आणि नेमके तेच संध्याकाळपासून मला खुपते आहे.

माझ्या गठ्ठ्यात बहुतेक अर्जांवर पाच गुणांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा एका सरळ ओळीत उतरलेल्या आहेत. वक्तशीरपणा पाच, विषयाची तयारी पाच, शंकानिरसन पाच. ज्या वर्गात वर्षभर कुणी शंकाच विचारली नाही त्या वर्गाने शंकानिरसनाला पाच गुण द्यावेत याचे मला आता हसू येते, तेव्हा आले नाही. शेऱ्याच्या रकान्यात कुठे "छान" आहे, कुठे "उत्तम", दोन-तीन ठिकाणी "मॅडम प्रेमळ आहेत", आणि पुष्कळदा नुसती आडवी रेघ. शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या गठ्ठ्यात मात्र शेऱ्याची जागा कुणालाच पुरलेली नाही. मुलांनी पाठकोऱ्या बाजूवर लिहिले आहे, एकाने वहीचे पान फाडून टाचणीने जोडले आहे, आणि एकाने गुणांच्या सर्व रकान्यांवर काट मारून "गुण देण्याआधी ऐकून घ्या" असे लिहून सुरुवात केली आहे.

अर्ज निनावी असतात असे आपण म्हणतो. पण जी बाई त्याच मुलांची जर्नल तपासते तिच्यापासून अक्षर कसे लपणार? सरांविषयी दीड पान भरून लिहिणारा मुलगा कोण हे मला 'ळ'च्या शेपटीवरून लगेच कळले. त्याच शेपटीचा शोध घेत मी माझा गठ्ठा पुन्हा उलटला, आणि त्याचा अर्ज सापडला तेव्हा त्यावर पाचाच्या खुणांखाली एकच शब्द होता: "छान". हा मुलगा माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसतो, सगळे उतरवून घेतो, जाताना "येतो मॅडम" म्हणतो. त्याला दीड पान लिहिता येते हे मला आज समजले.

त्या दीड पानात काय आहे ते मी इथे लिहून ठेवते, कारण अर्ज उद्या फाईलमध्ये जातील आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीखेरीज त्या फाईलला कुणी हात लावणार नाही, समितीही लावेल की नाही याची शंकाच आहे. त्याची तक्रार माश्यांबद्दल आहे. आखूड पंखांच्या आणि काळ्या (एबनी) अंगाच्या ड्रोसोफिलांच्या, म्हणजे फळमाश्यांच्या, संकरातील दुसऱ्या पिढीच्या १६० माश्या त्याने मोजल्या आणि ९०, ३०, ३०, १० असे आकडे दिले, म्हणजे आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचे नऊ-तीन-तीन-एक हे गुणोत्तर अगदी काट्यावर जुळवले. काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि मोजलेल्या आकड्यांतला फरक दाखवणारा आकडा, शून्य आला. सरांनी जर्नल परत केले आणि म्हणाले, "माश्या इतक्या शिस्तीत जन्मत नाहीत. ईथर देऊन पुन्हा बेशुद्ध करा, परत मोजा." पांढऱ्या फरशीवर कुंचल्याने एकेक माशी सरकवत त्याने पुन्हा मोजले, तेव्हा ९६, २७, २९, ८ निघाल्या. काय-स्क्वेअर १.१३, मर्यादा ७.८२, म्हणजे गुणोत्तर बसतेच आहे. "तेव्हा सर खूश झाले," असे तो लिहितो, आणि पुढे, "म्हणजे बरोबर उत्तरावर रागावतात आणि वाकड्या उत्तरावर खूश होतात, मग विद्यार्थ्याने करायचे काय? शिवाय मेंडेलवर पण संशय घेतात." मेंडेलवरचा संशय हा सरांचा आवडता तास आहे, मी भिंतीपलीकडून तो कित्येकदा ऐकला आहे. १८६६च्या निबंधातले ते ७३२४ वाटाणे, त्यांतले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, आणि मग १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने सगळे प्रयोग एकत्र ताडून काढलेला निष्कर्ष, की हे आकडे अपेक्षेच्या इतके जवळ आहेत की विश्वास बसू नये, कुणीतरी मदतनिसाने त्यांना हात लावला असावा. तक्रार म्हणून लिहिलेल्या त्या मजकुरात हा सगळा तास जसाच्या तसा उतरला आहे, फिशरच्या सालासकट. परीक्षेतही मुले इतके नीट लिहीत नाहीत.

बाकीचे अर्जही असेच. एकीला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड परत परत करायला लावली, मुळे सकाळीच का कापायची, ॲसिटोकार्मिनचा रंग गरम करताना उकळू का द्यायचे नाही, टिपकागदावरून अंगठा दाबताना आच्छादक काच सरकली तर काय होते, हे सारे तिने रागारागाने लिहिले आहे आणि शेवटी स्वतंत्र ओळीत, "सोळाच्या सोळा गुणसूत्रे दिसली." नाथसागरावर थंडीत पहाटे नेऊन पक्षी मोजायला लावल्याचा राग तर सामुदायिक आहे. कुणीतरी क्षेत्रवहीत "असंख्य रोहित पक्षी" असे लिहिले, तर सरांनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारून "असंख्य म्हणजे किती?" असे विचारले. मग शंभराचा एक पुंजका नजरेने बांधून तसे किती पुंजके बसतात ते पाहायचे, आणि दोघांनी वेगवेगळे मोजून मग आकडे ताडायचे. "हात गारठले, पेन चालेना, आणि सर म्हणतात पेन्सिल का आणली नाही," असे एकाने लिहिले आहे. सर लई कडक, सर खडूस, सरांना घरी कुणी बोलत नसेल का, असेही आहे. एसटीने येणाऱ्या पोराने लिहिले आहे की पहिली गाडी धरली तरी प्रॅक्टिकलला उशीर होतो आणि सर दार लावून घेतात. हे त्याचे म्हणणे मला पटते, कारण सरांचा वक्तशीरपणा शहरात घर असणाऱ्यांना परवडणारा आहे.

एका अर्जाविषयी मी फार लिहिणार नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचे उत्तर सरांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, त्यातल्या इंग्रजीच्या चुकांसकट. हे कडकपणात बसत नाही, आणि बसवूही नये. ते मी सोमवारी सरांनाच सांगणार आहे. माझ्या स्वतःच्या एम.एस्सी.च्या वर्गात असेच काहीसे घडले होते, आणि मी शिकवायला लागले तेव्हा कुणालाही वर्गात खाली पाहायला लावायचे नाही असे जे ठरवले, ते त्यातून. ते राहू दे.

पण मग मला दुःख कशाचे झाले आहे? वर्षानुवर्षे मी हेच मिळवायचा प्रयत्न केला, की मुलांना माझ्या तासाची भीती वाटू नये. ती वाटत नाही. त्यांना माझ्या तासाचे काहीच वाटत नाही, हे मात्र मी धरून चालले नव्हते. त्यांनी मला नावे ठेवली असती तर निदान माझ्याविषयी विचार करायला त्यांना बसावे लागले असते; सरांना शिव्या देण्यासाठी ती मुले रात्री जागून वाक्ये जुळवतात, आणि माझ्या वाट्याला येते ती मेसच्या जेवणाला देतात तसली पोच. संध्याकाळी दोनदा डोळे भरून आले, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. अण्णांचा फोन आला होता, तोही धड घेतला नाही.

नीताला सांगितले तेव्हा ती आधी मोठ्याने हसली. "अगं, तुला कामून एवढं लागलं? नावं ठेवली म्हणून रडणारे पाहिले, नावं ठेवली नाहीत म्हणून रडणारी तूच." नंतर तिने समजूत म्हणून सांगितले की मुलांच्या अभिप्रायाला काही अर्थ नसतो. हे ती म्हणाली आणि माझी पंचाईत झाली, कारण अर्थ असतो, पण उलटा असतो, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक वाटून दिले जातात, निवडता येत नाहीत. तिथल्या अभ्यासावर कॅरेल आणि वेस्ट यांनी २०१० साली दाखवले, की ज्या प्राध्यापकांना विद्यार्थी जास्त गुण देतात त्यांचे विद्यार्थी चालू विषयात बरे असतात आणि त्यापुढच्या विषयात मागे पडतात. तो गणिताचा अभ्यास होता, आमच्या विषयाचा नव्हे, आणि एका संस्थेवरून सगळ्या जगाचे ठरवू नये, हे मी स्वतःला दोनदा बजावले. तरी मनात पहिला विचार आला तो हाच, की माझ्यापुढचा विषय कोण शिकवते.

आणि इथे माझे रडे जरा थांबले, कारण माझ्यापुढचा विषय कुणीच शिकवत नाही. सरांकडे मुले पहिल्या सत्रात असतात, माझ्याकडे शेवटच्या. म्हणजे जी मुले माझ्या वर्गात न सांगता पेन्सिल आणतात, शास्त्रीय नावाखाली न सांगता रेघ ओढतात, सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली स्लाईड असताना मोठ्या चाकाला हात लावत नाहीत, ती मी घडवलेली नाहीत. रब्बीची ज्वारी जशी मागच्या पावसाच्या ओलीवर येते, तसा माझा शांत, प्रेमळ, पाचपैकी पाच गुणांचा वर्ग सरांनी ओल धरून ठेवलेल्या जमिनीत उभा आहे. हे समजल्यावर खरे तर अधिक वाईट वाटायला हवे होते. तसे झाले नाही. उलट जरा हायसे वाटले, का ते सांगता येत नाही. कदाचित एवढ्यासाठी, की त्या दीड पानातल्या बहुतेक तक्रारी मी आधीच ऐकलेल्या होत्या. माश्या दुसऱ्यांदा मोजून झाल्यावर तो मुलगा माझ्याच केबिनमध्ये येऊन अर्धा तास सरांच्या नावाने बोटे मोडत बसला होता, आणि मी त्याला चहा दिला होता. त्या अर्ध्या तासाला अर्जात रकाना नाही. तो मलाही आता आठवला.

सरांना राग नाही, निदान आज तरी नव्हता. सहीसाठी तक्ता सगळ्यांकडे फिरवायचा असतो, म्हणून दुपारी तो घेऊन मी त्यांच्या टेबलापाशी गेले. माझ्या नावापुढे ४.९७, त्यांच्या नावापुढे ३.१. साडेतीनच्या खाली असणाऱ्यांकडून कार्यालय लेखी खुलासा मागते; तो त्यांना द्यावा लागणार, आणि मला सभेत पुष्पगुच्छ मिळणार, हे दोघांनाही ठाऊक होते. मी काहीतरी सांत्वनाचे बोलायच्या बेतात होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तक्ता डोळ्यांजवळ धरला, स्वतःच्या आकड्याकडे पाहिलेसुद्धा नाही असे वाटले, आणि लाल पेनाने कोपऱ्यात लिहिले: "नुसती सरासरी? प्रमाण विचलन कुठे आहे?" सही केली नाही. "मॅडम, एवढे करून आणा, मग करतो."

कार्यालयाच्या नमुन्यात गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते दाखवणारा तसा रकानाच नाही, हे मी त्यांना सांगायला हवे होते. सांगितले नाही, "बरं सर" म्हणून परत आले. जर्नल परत मिळालेली मुले दारातून बाहेर पडताना करतात तसला चेहरा माझा झाला असणार. आत्ता जेवणे आटोपल्यावर पट्टी घेऊन बसले आहे. शेऱ्याच्या डाव्या बाजूला थोडी जागा आहे, तिथे रकाना हाताने आखता येईल. त्यांच्यापुढचा आकडा चांगला ऐसपैस येणार, कारण काहींनी त्यांना पाच दिले आहेत आणि काहींनी एक. माझ्यापुढचा शून्याला टेकलेला येईल. सभेत तो कुणी वाचणार नाही. सर वाचतील, आणि मेंडेलच्या तासाला भिंतीपलीकडे तो उदाहरण म्हणून आला तर मी नाव न घेण्याची विनंती करणार आहे.