आडवी बाटली: चिठ्ठी लपते, पाऊल लपत नाही

गावातलं परवान्याचं दारू दुकान मतदानानं बंद करता येतं. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे आधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. (वर्धा, गडचिरोलीत जिल्हाभर दारूबंदीच आहे. चंद्रपुरातली 2015 ची बंदी 2021 ला उठली, म्हणून तिथं हा विषय पुन्हा आला.) चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

घोळ मोजणीत आहे. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. यादीत 800 बाया, तर 401 हव्यात. 450 जणी आल्या, 400 आडवी, 50 उभी, तरी दुकान राहिलं! घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते. दुकानवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. कोणाची चिठ्ठी कशी ते त्याला कळत नाही, पण केंद्राच्या दारात कोण आलं ते समोरच्या पानठेल्यावर बसून दिसतं. म्हणून 'उभीला दे' असं कोणी म्हणत नाही. 'तू जाऊच नको' एवढंच सांगतात.

त्याला उतारा गर्दीचा. एकटी गेली की ती 'अमक्याची सून' ठरते. साठ-सत्तर जणी मिळून गेल्या की कोणाचं नाव घेणार? त्यात उभीवाल्याही असतातच.

सही मात्र उघडीच. 200 लागतात तिथं 280 घ्या. लग्न होऊन गेलेल्या, दुबार नावं पडताळणीत गळतात, काहींना घरून दम मिळतो आणि त्या 'सही माझी नाही' म्हणतात. बचत गटांमार्फत दोन-तीन दिवसांत काम उरका. कागद महिनाभर फिरला की पहिल्या वीस नावांच्या घरी निरोप पोचलाच समजा. कागदाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. टाकतंच कोणीतरी, उत्साहाच्या भरात.

कापूस वेचणीच्या दिवसांतली तारीख नको, हे प्रशासनाला आधीच लेखी कळवा. मजूर बाया सकाळीच वावरात जातात, रोज बुडवून कोण येणार? आणि अर्जाच्या आधी मतदार यादी घेऊन बसा. मयत आणि गाव सोडून गेलेल्यांसाठी नमुना 7 (नाव वगळण्याचा अर्ज) भरा. 30 नावं कमी झाली की 401 चा आकडा 386 वर येतो.