तुम्ही विचारलंत म्हणून: गावात पिकतं, मग शाळेत का शिजत नाही?

लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, हरिश्चंद्रगडावर जाताना आमच्या ओट्यावर चहाला थांबलेली पुण्याची पोरं विचारतात. "एवढं सगळं गावात पिकतं, मग शाळेतल्या मुलांना तेच का देत नाही हो तुम्ही?" मग कुणीतरी ब्राझीलचं काढतं. तिथं २००९ च्या कायद्यानं शाळेच्या जेवणासाठी सरकारकडून येणाऱ्या पैशांतले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्चणं सक्तीचं केलं. हे मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलंय. त्यातल्या दोघांना तर मीच आधी सांगितलं होतं. आणि अकोले तालुका म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "तुमच्याकडे तर राहीबाई आहेत!" आहेत ना. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हालाही आमच्याच घरात आल्यासारखी वाटली. पण देशी वालाचं बी जपणं वेगळं आणि तोच वाल शाळेच्या पातेल्यात नेणं वेगळं. मधे पावतीपुस्तक आडवं येतं.

आमच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून बासष्ट मुलं. नियमानं एका मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी, म्हणजे सगळी मिळून तीन किलो शंभर ग्रॅम. एका घरच्या परसातून निघेल एवढीच. म्हणूनच सगळ्यांना हे सोपं वाटतं, मलाही वाटलं होतं. तांदूळ सरकारी गोदामाच्या पोत्यांतून येतो, डाळ-तेल-मसाला ठेकेदाराकडून. शाळेच्या हातात उरते ती भाजी आणि जळण. मे २०२५ पासून तांदूळ सोडून बाकी सगळ्याला मिळून एका मुलामागे ६ रुपये ७८ पैसे. तेसुद्धा ज्या महिन्याचे त्या महिन्यात कधी आले नाहीत. दुकानदार तीन-चार महिने उधारीवर थांबतो. परसातली दोन किलो गवार विकणाऱ्या बाईला आठवडे बाजाराच्या दिवशी रोख लागते, तिच्या घरी तेल संपलेलं असतं.

तरी आम्ही केलं. बचत गटाच्या पैशातून बायकांना रोख द्यायची, शाळेचे आले की गटात भरायचे. राहिली पावती. परसातल्या बाईकडे कुठलं आलंय बिल? हिशेबाला तर बिलच लागतं. मग तालुक्याच्या एका दुकानातून भाजीचं बिल आणायचं ठरलं. म्हणजे भाजी गावची आणि कागदावर बाजारची. कुणाचा एक पैसा खाल्ला नाही, हे मी तेव्हाही छाती ठोकून सांगायचे, आजही सांगते. पण ते बिल खोटं होतं, आणि पुढे त्यानं काय केलं ते आता सांगते. आजवर हे टाळत आले.

मार्चअखेर. सकाळची शाळा. विहिरीनं तळ गाठलेला, टँकर दोन दिवसांआड. त्या आठवड्यात कुणाकडेच भाजी नव्हती. हेडसर म्हणाले, बाजारातून बटाटे आणू. मी म्हटलं, नको, माझ्या मांडवावर दुधी आहेत. धुण्याभांड्याच्या पाण्यावर तो वेल मी कसाबसा जगवला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. पाच दुधी मी स्वतः कापून नेले.

दुधी चिरण्याआधी देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही सांगावं लागत नाही. वेल उन्हात पाण्यावाचून तडफडला की एखादं फळ कडू जहर निघतं, आणि तो कडूपणा कितीही शिजवला तरी जात नाही. आमची नेहमीची स्वयंपाकीण प्रत्येक दुधी बघायची. त्या दिवशी ती नात्यात दहाव्याला गेली होती. तिच्या जागी बदलीवर आलेली बाई नवी, घाबरलेली, एकटी. बासष्ट जणांचं आणि वर घड्याळ. तिनं सरळ चिरून डाळीत टाकले.

चव बघायची जबाबदारी त्या दिवशी माझी होती. पालकांपैकी एकानं आधी खाऊन बघायचं, मग वाढायचं, चव नोंदवहीत सही करायची. मी दुधी ठेवायला गेले तेव्हाच सही करून टाकली होती. शेरा: "चव चांगली." नंतर पुन्हा यायला नको म्हणून. आणि भाजी माझ्या घरची, तिची काय चव बघायची?

पंगत बसली तेव्हा मी तिथंच होते, कौतुक बघायला. दुसरीतली एक पोर म्हणाली, "काकू, कडू हाय."

मी म्हटलं, "तुम्हाला खिचडी सोडून सगळंच कडू लागतं. भाजी टाकायची नाही. संपवा."

ती पोर गुणी. तिनं संपवलं. हट्टी पोरांनी ताट बाजूला सारलं आणि ती पोरं वाचली. ज्यांनी माझं ऐकलं त्या आठ जणांना तासाभरात उलट्या सुरू झाल्या. तिघांना जुलाबही. सरांची मोटरसायकल, दूधवाल्याची पिकअप, ग्रामीण रुग्णालय, सलाईन. संध्याकाळी सगळी घरी आली, खडखडीत बरी झाली. हे मी लगेच सांगते, कारण ऐकणारा इथं माझ्याकडे बघायचा थांबेल.

हेडसरांना मी आधी भित्रे म्हणायचे. गावची भाजी घ्यायचा विषय निघाला की ते २०१३ चं बिहार काढायचे. सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं गेली, ते. मी म्हणायचे, सर, आपल्याकडे कोण फवारतं? त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर ते माझ्याशेजारी बसले आणि बिहारचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी. भाजी कुठून आणली? सर म्हणाले, "बाजारातून." बिलं होतीच फायलीत. साहेबांनी नोंदवही उघडली, शेरा वाचला, माझ्याकडे बघून विचारलं, चव घेतली होती? मी म्हटलं, घेतली होती.

सरांना नोटीस आली. बदलीच्या बाईला परत बोलावलं नाही. पुढे नेहमीचीनं काम सोडलं तेव्हा ती जागा तिला मिळायची होती. महिना २,५०० रुपये मानधन, वर्षातले दहा महिने. तुम्हाला ती रक्कम लहान वाटेल.

मी गप्प का बसले? तेव्हा मनाला सांगितलं होतं की खरं बोलले तर गावची भाजी शाळेच्या दारात पुन्हा कधी येणार नाही, बायकांचं नुकसान होईल. हे अगदीच खोटं नाही. बाजारच्या भाजीनं पोरं आजारी पडली तर लोक म्हणतात, बाजारच खराब. गावच्या भाजीनं पडली तर भाजी कुणाची ते सगळ्यांना माहीत असतं, आणि त्या घराचं नाव कायमचं चिकटतं. पण त्या दिवशी ते घर माझं होतं, हे या हिशेबात मी फार उशिरा धरलं. बायकांचं नाव पुढे करून मी माझं झाकलं का? कधी वाटतं हो. कधी वाटतं, खरं सांगितलं असतं तर आज शेवगा, लाल भोपळा, वाल जे काही आठवड्यातून दोनदा शाळेत जातंय, तेही गेलं नसतं. दोन्ही मला पटतं. तुम्ही म्हणाल, एक काहीतरी ठरवा. जमलं नाही अजून.

दुधी मात्र आम्ही घेत नाही. चौघीजणी विचारून गेल्या. एकीला राग आला, म्हणाली, तुमच्या वेलाचा कडू निघाला म्हणून आमच्याही वेलाला शिक्षा का? तर गावात माहीत आहे. चौकशीच्या कागदात नाही एवढंच. मी तिला काही बोलले नाही. ती आठ पोरं आता हायस्कूलला आहेत, रस्त्यात भेटली की "काकू" म्हणून हाक मारतात.

बदलीची ती बाई शुक्रवारच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगायचं असं तीनदा ठरवलं, तिन्हीदा कोथिंबीर घेऊन घरी आले. मागच्या महिन्यात तिची सहा जुड्या मेथी शाळेसाठी घेतली, रोख पैसे दिले. तिनं एक जुडी वर घातली. पावती दुकानातूनच आणावी लागली.