पावती क्रमांक २१२

"पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका" हे वाक्य मी गेली अठरा वर्षं पतपेढीच्या काउंटरवरून लोकांना ऐकवते आहे. त्यामुळे मुलीला जाहिरातीत काम मिळवून देतो म्हणणाऱ्या एका ऑफिसात माझे पैसे अडकले, तेव्हाही पावती मी घेतली होती, हे आधी सांगून टाकते. बिल्डिंगमध्ये ज्यांनी ज्यांनी "अगं, तू पतपेढीत असून?" असं विचारलं, त्या सगळ्यांसाठी.

आमची धाकटी नऊ वर्षांची. मे महिन्यात नाट्यशिबिराच्या शेवटी घाणेकर नाट्यगृहात प्रयोग झाला, त्यात ती कावळा होती. वाक्यं चारच, पण चारही वाक्यांना हशा आला आणि डोक्यात हवा गेली. तिच्या नाही, माझ्या. त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: पाच ते बारा वर्षांची मुलं हवीत, नामांकित ब्रँड, ऑडिशन ठाण्यातच. फॉर्म भरला, वीस मिनिटांत फोन आला. आमचे हे म्हणाले, "गॅसवाला तीन दिवस फोन उचलत नाही, आणि यांचा वीस मिनिटांत?" मी कानाआड केलं.

ऑफिस स्टेशनजवळ, तिसऱ्या मजल्यावर. भिंतभर मालकांचे कलाकारांबरोबरचे फोटो. तेव्हा भारी वाटलं. नंतर आठवलं की तसे चार फोटो माझ्याही मोबाइलमध्ये आहेत, प्रयोगानंतर नाट्यगृहाच्या मागच्या दारात काढलेले. धाकटीने कविता म्हणायला घेतली. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचायच्या आत ती "सिलेक्टेड" झाली. मग आम्हाला बाजूच्या खोलीत बसवून कागद पुढे सरकवला: पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा अल्बम, २५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,५००, एकूण २९,५००. आज भरले तर उद्याच्या यादीत नाव जाणार, उद्या भरले तर पुढच्या महिन्याच्या. मी यूपीआयने भरले. पावती घेतली.

फोटोशूटला तिला पिवळा फ्रॉक दिला. आधीच्या मुलीने तो नुकताच काढला होता, काखेत ओलाच होता. आमच्या नंतरच्या मुलीलाही तोच. खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं, पण एकदा पैसे भरले की माणूस स्वतःचीच समजूत काढायला लागतो.

पुढे महिनाभर काही नाही. मग फोन आला की "एका क्लायंटला मुलगी आवडली आहे", पण आधी आर्टिस्ट कार्डाचे, म्हणजे कलाकाराच्या ओळखपत्राचे, ५,००० आणि मुलांच्या शूटिंगला लागणाऱ्या कलेक्टरच्या परवानगीचे ३,००० भरावे लागतील. इथे मात्र काउंटरवरची बाई जागी झाली. मी म्हटलं, कार्ड नको, काम नको, पैसे परत द्या.

त्यानंतर मी त्या ऑफिसात आठ वेळा गेले. आठ! अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून. दाराजवळ चार खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीचा पाय हलायचा, आणि मला दर वेळी तीच मिळायची. समोर काचेच्या टाकीत एकच नारिंगी मासा. रिसेप्शनवरची मुलगी दिसली की मी घड्याळ बघायचे: "सर मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य येईपर्यंत सरासरी चाळीस सेकंद. मीटिंग संपली की सर अंधेरीला असायचे. अंधेरीहून आले की शूटला. एकदा मी खुर्चीतच होते आणि केबिनमधून माणूस बाहेर येऊन लिफ्टमध्ये शिरला. मी विचारलं, "हे कोण?" ती म्हणाली, "ते अकाउंट्सचे." भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत तेच अकाउंट्सचे होते.

त्या मुलीचा राग मला तेव्हा फार यायचा. आता कमी येतो. पाचव्या खेपेला तिनेच हळूच सांगितलं की तिचाही दोन महिन्यांचा पगार अडकलाय.

सहाव्या खेपेला शेजारच्या खुर्चीत कळव्याच्या एक बाई भेटल्या, मुलाचे पैसे मागायला आलेल्या. वेळ जात नव्हता म्हणून आम्ही पावत्या काढून बघितल्या. माझी ६ जूनची, क्रमांक २१२. त्यांची १९ जूनची, क्रमांक २१२. एका क्रमांकाच्या दोन पावत्या आमच्या पतपेढीत निघाल्या ना, तर ऑडिटर त्या दिवशी जेवायला उठत नाही. मी तिथेच दोन्ही पावत्या मांडीवर ठेवून फोटो काढला. मासा साक्षीला.

घरी येऊन पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला. ही सोय सगळ्यांना खुली आहे, लॉगिन लागत नाही, क्रमांक टाकला की व्यवसायाचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू की रद्द हे दिसतं. यांची रद्द. माझ्या पावतीच्या आठ महिने आधीच. म्हणजे ४,५०० रुपये कोणत्या सरकारसाठी घेतले देव जाणे. हे मी पैसे भरायच्या आधी तपासायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही तरी करा.

मग मी ओरडणं सोडलं आणि लिहायला बसले. एक पानाचं पत्र: तारखा, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, एकाच क्रमांकाच्या दोन पावत्यांचे फोटो, रद्द नोंदणीची छापील प्रत, आणि पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने पाठवलं. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पत्रात शेवटी लिहिलं की मुदत संपली की जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तेव्हा मला घाई अशी नव्हती. वकीलही लावला नाही.

नवव्या दिवशी फोन. साक्षात सर. आवाज इतका गोड की मला क्षणभर वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाचा फोन लागला. २५,००० चा चेक तयार आहे म्हणाले. आठवी खेप त्यासाठीच. चेक घेतला, बँकेत टाकला, परत आला: सही जुळत नाही. पुन्हा फोन, पुन्हा गोड आवाज. मी सांगितलं, आता खात्यातच पाठवा, सहीचा प्रश्नच नको. आणखी बारा दिवसांनी २५,००० जमा झाले. आणि ४,५००? "मॅडम, तो टॅक्स आहे, सरकारला गेला. तो आम्ही कसा देणार?" रद्द नोंदणीचा कागद त्यांच्याच टेबलावर पडलेला असताना!

कळव्याच्या बाईंना अजून दहा हजारच मिळालेत. त्यांनी रोख दिले होते.

पैशांपेक्षा जास्त झोप मात्र वेगळ्याच गोष्टीने उडाली होती. लेकीचे साठ-सत्तर फोटो, अंगाची मापं, आधारची प्रत, शाळेचं नाव, सगळं त्या ऑफिसात. पैसे मागताना मी हे मागायला विसरले आणि नंतर त्यांच्या इन्स्टाग्रामवर पिवळ्या फ्रॉकमध्ये ती दिसली, "आमचे नवे चेहरे" म्हणून. तीन फोन करून तो फोटो उतरवला आणि सर्व फोटो व कागद नष्ट केल्याचं लेटरहेडवर लिहून घेतलं. त्या कागदाची किंमत किती ते मलाही कळतं, पण फाइलमध्ये आहे. आधारची प्रत द्यायचीच वेळ आली तर त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवं लिहून द्या.

आता खरी एजंट कशी मिळाली ते. ते फार पटकन झालं, म्हणून सांगण्यासारखं कमी आहे. शिबिराच्या ताईंना विचारलं. हे मे महिन्यातच विचारता आलं असतं. त्यांनी ऐरोलीच्या एका कोऑर्डिनेटर बाईंचा नंबर दिला. या लाइनीत एजंटपेक्षा कोऑर्डिनेटर हाच शब्द जास्त ऐकू येतो. आम्ही घंटाळीजवळ एका हॉटेलात चहाला भेटलो. मी वहीत चौदा प्रश्न लिहून नेले होते. सहाव्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "ताई, ही चौकशी आहे की उलटतपासणी?" पण उत्तरं दिली.

माझा कळीचा प्रश्न कलेक्टरच्या परवानगीचा होता, कारण तिचे ३,००० माझ्याकडे मागितले गेले होते. त्या चहा ढवळत म्हणाल्या, "ती निर्माता काढतो, आईबाप नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात, तिथला कलेक्टर. घोडबंदरला असेल तर ठाणे, फिल्मसिटीत असेल तर मुंबई उपनगर. तुम्ही फक्त संमतीपत्र आणि वयाचा दाखला द्यायचा." नंतर मी बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम काढून वाचले, आणि त्या बरोबर होत्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या मनाविरुद्ध तर अजिबात नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के थेट त्याच्या नावच्या मुदत ठेवीत, तेही राष्ट्रीयीकृत बँकेत. पतपेढीची ठेव चालत नाही! अठरा वर्षांच्या नोकरीवर हा घाव मी अजून पचवते आहे.

बाईंचं कमिशन २० टक्के, तेही पैसे आल्यावर, आलेल्या पैशातून. आधी एक रुपया नाही. पोर्टफोलिओचं नाव काढलं तर हसल्या. चार फोटो मागितले: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचा. खिडकीच्या उजेडात, मोबाइलवर, साध्या कपड्यात, मेकअप न करता. "सहा महिन्यांत दात पडतील, उंची वाढेल, पंचवीस हजारांचा अल्बम कशाला?" धाकटीचा पुढचा दात तेव्हा हलतच होता. करार दोन पानी, मराठीत समजावून सांगितला, सही माझी, कारण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा करार कायद्याने चालत नाही. "फक्त आमच्याचकडून काम घ्यायचं" ही अट नव्हती. पहिल्या ऑफिसच्या कागदावर ती होती, तीन वर्षांची, आणि मी न वाचता सही केली होती. हे आत्ता लिहिताना आठवलं.

आधी काम केलेल्या तीन मुलांच्या आयांचे नंबर त्यांनी त्यांना विचारून दिले. मी तिघींनाही फोन केला. एकीने बाईंची तक्रारच केली की त्या फोन उशिरा घेतात. त्या तक्रारीनेच माझा विश्वास बसला.

पाच ऑडिशनना नकार आला. तीन घरूनच व्हिडिओ करून पाठवलेल्या, दोन वर्सोव्याच्या आराम नगरात, म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो, आणि हातात खिचडीचा डबा. एकदा रांगेत अडीच तास. धाकटी म्हणाली, "आई, कावळ्याला इतकं थांबावं लागलं नव्हतं." सहावी लागली. बिस्किटाची जाहिरात, घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत, एक दिवस. परवानगीचा कागद मी मागून बघितला. प्रॉडक्शनच्या मुलाला आश्चर्य वाटलं, पण दाखवला. आर्टिस्ट कार्ड कुणी विचारलंही नाही.

पैसे नव्वद दिवसांनी आले, टीडीएस कापून. म्हणून मुलाचं पॅन आधीच काढून ठेवा. अज्ञान मुलाच्या पॅनवर फोटो नसतो, चुकीचं आलं म्हणून परत पाठवू नका. आणि मुलाने स्वतःच्या कलेवर कमावलेलं उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ते त्याचंच धरतात, हेही सीएला सांगायला विसरू नका. आमचे विसरले होते. बाईंनी हिशेबाचा कागद पाठवला: एकूण रक्कम, टीडीएस, त्यांचे २० टक्के, ठेवीत गेलेले, आमच्या हाती आलेले. बेरीज मी दोनदा तपासली. जुळली.

पहिल्या ऑफिसकडून ४,५०० येणे आहेत. ग्राहक आयोगाची तक्रार अर्धी लिहून झाली आहे, दिवाळीनंतर पुरी करीन. "एवढ्याशा पैशासाठी?" असं आमच्या ह्यांनी विचारून झालंय. मी त्यांना पावती क्रमांक २१२ दाखवली, दोन्ही.