आयटीचा क्लास निवडताना: आधी कागद, मग ओटीपी

आयटीत जायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत, माझी उमेदीची वर्षं एचपीएलसी नावाच्या तपासणी यंत्रासमोर गेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जुन्या केमिकल कंपन्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहताना रोज दिसत होत्या. कोडिंगपेक्षा टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं, आपल्याला जमेल, हेही पक्कं होतं. चुका शोधण्याचाच तर पगार घेत होते! गाडी अडली ती एका क्लासकडून एक कागद मिळवताना. तो राग अजून उतरलेला नाही.

पहिल्यांदा अर्थातच खारघरच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत चौकशी केली. पीजी-डॅक हा त्यांचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ कोर्स, त्याआधी सी-कॅट प्रवेशपरीक्षा. पण तो इंजिनिअर, एमसीए वगैरे मंडळींसाठी, माझी बी.एस्सी. केमिस्ट्री त्यात बसेना. शिवाय नोकरी सोडून सहा महिने घरी बसणं परवडणार नव्हतंच. मग राहिले खाजगी क्लास. ठाणे स्टेशनबाहेर पडलं की त्यांचे बोर्ड मोजायला सुरुवात करावी.

त्यातल्याच एका मोठ्या क्लासमध्ये गेले. भिंतीवर 'शंभर टक्के प्लेसमेंट' आणि खाली हसऱ्या मुलामुलींचे फोटो. काउन्सेलर मुलगी गोड बोलणारी. फी साठ हजार, एकरकमी भरली तर चोपन्न. जीएसटीचं मी विचारलं तेव्हा कळलं की १८ टक्के वर. म्हणजे ७०,८०० किंवा ६३,७२०. "पण मॅडम, नो कॉस्ट ईएमआय आहे ना, महिना फक्त ५,९००." बारा हप्ते गुणून बघा, ७०,८०० होतात. एकरकमीची सूट गेली, म्हणजे ७,०८० रुपये गेलेच की. मग नो कॉस्ट कुणाला?

तिने आधार आणि पॅन मागितलं, "फक्त एलिजिबिलिटी बघते" म्हणून. मोबाइल वाजला. "ओटीपी आला असेल मॅडम, सांगा ना पटकन." मी मेसेज उघडून पूर्ण वाचला. हा ओटीपी दिल्यास कर्जाच्या अर्जाला आणि क्रेडिट रिपोर्ट तपासायला तुमची संमती आहे असं समजलं जाईल, असं त्यात लिहिलेलं, आणि खाली एका फायनान्स कंपनीचं नाव, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"हे कर्ज आहे का?"

"नाही मॅडम, ईएमआय आहे."

मी फोन पर्समध्ये ठेवला आणि करार वाचायला मागितला. तो म्हणे ॲडमिशन झाल्यावर ॲपमध्ये दिसतो. सही? टॅबवर बोटाने. "सगळे असंच करतात मॅडम." आता, मी ज्या खात्यातून आले तिथे रजिस्टरमधला एक आकडा खोडला तरी बाजूला तारीख आणि सही लागते. न वाचलेल्या कागदावर बोट फिरवणं माझ्या हातून होणारच नव्हतं.

यानंतर जे सुरू झालं त्याला सरकारी कचेरीचीही सर येणार नाही. मेल केला, उत्तरात ब्रोशर आलं. पुन्हा मेल केला, पुन्हा तेच ब्रोशर, या वेळी जरा रंगीत. शाखेत फोन केला तर मॅनेजर सर मीटिंगमध्ये. हेड ऑफिसला केला तर "तुमच्या शाखेशी बोला". दरम्यान रोज वेगळ्या नंबरवरून फोन: ऑफर आज रात्री बारापर्यंतच, बॅचमध्ये दोनच सीट उरल्यात. त्या दोन सीट पुढे कित्येक आठवडे दोनच राहिल्या. मी लॅबमध्ये असताना फोन यायचे, नवरा म्हणाला, "अगं, सोडून दे ना, दुसरा बघ." पण मला आता क्लासपेक्षा तो कागद हवा होता.

शेवटी शनिवारी गेले. शनिवारी संध्याकाळी तिथे ॲडमिशनची झुंबड असते, हे आधीच पाहून ठेवलं होतं. रिसेप्शनवर उभी राहून खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्याकडे फी भरायच्या आधी करार वाचायला मिळत नाही का?" मुलाला घेऊन आलेले एक काका मान वर करून म्हणाले, "हो हो, आम्हालाही दाखवा." आणखी दोघींनी माना डोलावल्या. मीटिंगमधले सर केबिनमधून बाहेर आले आणि पाचेक मिनिटांत पीडीएफ व्हॉट्सॲपवर. त्या पाच मिनिटांचं मला आजही कौतुक वाटतं.

पीडीएफमध्ये 'प्लेसमेंट' हा शब्द होता, पण पुढे 'साहाय्य' जोडलेलं. हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेली की साहाय्य बंद. एक ऑफर नाकारली की बंद. मग ती बंगळूरूची असो की कॉल सेंटरची. कोर्स मध्येच सोडला तर फी परत नाही, आणि कर्ज फायनान्स कंपनीचं असल्यामुळे हप्ते चालूच. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: मुलाखतींसाठी मागच्या तीन वर्षांतले पासआउटच पात्र. मी २०११ ची. पहिल्याच दिवशी चौकशी फॉर्मवर 'पासिंग इयर' च्या रकान्यात त्याच मुलीने स्वतःच्या हाताने २०११ लिहिलं होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात. नोकरीच्या हमीचे खोटे दावे, फी आणि परताव्याबाबत दिशाभूल, हे सगळं त्यात येतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी सरांना एवढंच ऐकवलं आणि निघाले. माझा एक रुपयाही अडकला नव्हता, त्यामुळे आवाज चढवायची गरज नव्हती.

पुढचं पटकन झालं. कोपरखैरण्यात एक छोटा शनिवार-रविवारचा क्लास मिळाला. शिकवणारे सर दिवसा स्वतः टेस्टिंगच्या नोकरीत. अटी मागितल्या तर लेटरहेडवर लिहून दिल्या, त्यात नोकरीबद्दल अवाक्षर नव्हतं. फी दोन हप्त्यांत, थेट त्यांनाच. मॅन्युअल टेस्टिंग, डेटाबेससाठी एसक्यूएल आणि आपोआप टेस्टिंग करणारं सेलेनियम शिकले. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची फाउंडेशन परीक्षा मात्र घरी अभ्यास करून दिली. तिला कुठल्याच क्लासची सक्ती नाही, अभ्यासक्रम त्यांच्या साइटवर फुकट मिळतो. ४० प्रश्न, पास व्हायला २६ बरोबर. याच परीक्षेच्या 'तयारी'चे वेगळे हजारो रुपये तो मोठा क्लास लावत होता!

नोकरी मिळाली ती जुन्या अनुभवावर. औषध कंपन्यांतल्या सॉफ्टवेअरचं व्हॅलिडेशन करणारी, म्हणजे ते ठरल्याप्रमाणेच चालतं हे तपासून दाखवणारी माणसं लागतात, आणि अमेरिकेच्या एफडीएचा (औषध नियंत्रकांचा) संगणकातल्या नोंदी आणि सह्यांबद्दलचा नियम, २१ सीएफआर पार्ट ११, काय आहे, ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, का लागतो, हे मला मुलाखतीत कुणी शिकवायची गरज नव्हती. तुम्ही बँकेतून येत असाल तर बँकिंगच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग बघा, अकाउंट्समधून असाल तर ईआरपी, म्हणजे कंपनीचे हिशेब आणि व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर. 'फ्रेशर' म्हणून बाविशीच्या मुलांच्या रांगेत उभं राहू नका.

नुसतं डेमो लेक्चर बघून क्लास ठरवू नका हे सांगायचं राहिलंच. डेमो घेणारे सर पुढे बॅचला दिसतीलच असं नाही. चालू बॅचमध्ये मागच्या बाकावर तासभर बसू द्या म्हणावं. कोपरखैरण्याच्या सरांनी बसू दिलं, ठाण्यात 'पॉलिसी नाही'.

आणि कर्ज घ्यायचंच असेल तर फायनान्स कंपनीकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते द्यावंच लागतं, वर्षाचा खरा दर त्यात छापलेला असतो. कर्ज मोडायची कूलिंग ऑफ मुदत किती, तेही त्यातच बघा.

नोटीस पीरियडचं मात्र क्लास लावायच्या आधीच एचआरला विचारून ठेवा. आमच्याकडे तीन महिन्यांचा होता आणि आयटीवाले पहिल्याच फोनवर 'इमिजिएट जॉइनर आहात का' विचारतात. दोन ठिकाणं माझ्या हातून तिथेच गेली.