तुम्ही विचारलंत म्हणून : सिगरेट सोडूनही तुम्ही जाड कशा नाही झालात?

हा प्रश्न मला कुणी थेट विचारत नाही. आधी बाकीची चौकशी होते. किती वर्षं झाली सोडून, त्रास झाला का, गोळ्या घेतल्या का. मग निघता निघता, दाराशी पोचल्यावर, सहज आठवल्यासारखं : "पण तुमचं वजन नाही वाढलं?" ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय! मला राग येत नाही. या एका प्रश्नापायी मी स्वतः सहा वर्षं जास्तीची सिगरेट ओढली आहे.

उत्तर आधीच देऊन टाकते : वाढलं होतं. चार किलो. त्यातले अडीच पुढे उतरले, दीड अजून अंगावर आहेत. तुम्ही बघताय ती मी सोडल्यानंतरच्या आठव्या वर्षातली. पहिल्या वर्षी भेटला असतात तर हा प्रश्न तुम्हाला सुचलाच नसता.

मी सिगरेट धरली तीच मुळी बारीक राहायला. एकोणीस वर्षांची होते. खोलीवरची मैत्रीण म्हणाली, भूक लागली की एक ओढ, भूक मरते. ती खरं बोलत होती हीच यातली गोम. तंबाखूवाल्यांना हे आमच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. अमेरिकेत 1928 च्या सुमाराला 'लकी स्ट्राइक'ची जाहिरातच होती की गोड खाण्याऐवजी आमची सिगरेट घ्या. मिठाईवाले त्यावर खवळले होते. बायकांच्या कमरेच्या मापावर सिगरेट विकायची ती युक्ती इतकी चालली की नव्वद वर्षांनंतरही सोडायचा विषय निघाला की पहिली भीती कमरेचीच.

भूक मरते म्हणजे काय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पोट भरल्याची खबर देणाऱ्या काही पेशी मेंदूत असतात. तंबाखूतलं निकोटीन त्यांना चेतवतं, आणि जेवण न होताच 'झालं जेवण' असा निरोप जातो. 2011 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ही वाट बरीचशी उलगडली. दुसरी गोष्ट अशी की सिगरेट शरीराचं इंजिन थोडं जास्त वेगाने फिरवते. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिगरेट ओढणाऱ्यांना बंद खोलीत ठेवून मोजमाप केलं. दिवसाला 24 सिगरेटी ओढल्या की शरीर सुमारे 10 टक्के, म्हणजे साधारण 200 कॅलरी जास्त जाळत होतं. म्हणजे एक घास जास्त न खाताही सोडणाऱ्याच्या खात्यात रोज काही कॅलरी शिल्लक पडतात. पाऊण तास झपझप चाललं तर फिटतील एवढ्या. त्यामुळे "मी काहीच खात नाही तरी वाढतंय" असं कुणी म्हणालं तर त्याला खोटारडा ठरवू नका. निम्मं तरी खरं असतं.

आता माझा पराक्रम. पहिल्यांदा सोडली तेव्हा मला एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. सिगरेट बंद, आणि त्याच सोमवारपासून डाएटही. वजन वाढायच्या आतच त्याला दाबून टाकू असा हिशोब. अकरा दिवस टिकले. भूक आणि तलफ दोन्ही एकाच ठिकाणी, छातीच्या जरा खाली, सारख्याच कुरतडतात. कुठली कुठली ते मला ओळखता येईना. अकराव्या रात्री उपाशीपोटी, रडवेली होऊन, पाकीट आणलं. पहिल्या झुरक्याला भूक गेली, तलफही गेली, आणि डोक्यात पक्कं बसलं की सोडणं आपल्याच्याने होणार नाही. मघाशी म्हटलेली ती सहा वर्षं ही अशी गेली.

नंतर वाचनात आलं की मी काही एकटीच वेडी नव्हते. अमेरिकेत पिट्सबर्गला वजनाच्या धास्तीने सिगरेट न सोडणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला होता, 2001 साली तो छापून आला. काहीजणींना सोडण्याबरोबर वजन आटोक्यात ठेवायचं प्रशिक्षण दिलं. काहीजणींना फक्त त्या धास्तीशी बोलायला शिकवलं, की थोडं वाढेल, वाढू दे, डाएट आत्ता नको. वर्षभराने सिगरेटपासून लांब राहिलेल्या या दुसऱ्या गटात जास्त होत्या. गंमत म्हणजे त्यांचं वजनही कमी वाढलं होतं. हे वाचून मी मोठ्याने हसले होते. थोडं स्वतःलाच.

दुसऱ्या खेपेला मी छत्तीस वर्षांची होते. डॉक्टरांना सरळ विचारलं, किती वाढेल? त्यांनी गोलमाल उत्तर दिलं नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. औषधांशिवाय सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी साडेचार-पावणेपाच किलो वाढतं, म्हणाले, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच. पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. शंभरातल्या सोळाएक जणांचं उलट उतरतं, तेराएक जणांचं दहा किलोंच्या वर जातं. आकडा कळल्यावर भीती कमी झाली. तोवर माझ्या डोक्यात बागुलबुवा होता, त्याला वजनच नव्हतं.

मग मी दोन गोष्टी केल्या. वजनकाटा माळ्यावर टाकला. आणि एक माप मोठी पँट आणली. तीन महिने फक्त सिगरेट, वजनाचं नाव नाही.

च्युइंगमही घेतलं, निकोटीनचं. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचं, नाहीतर 2 चं, असा साधारण नियम. मला दहा मिनिटांत लागायची. सुरुवातीला मी ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहिले आणि उचक्यांनी हैराण झाले. ते चार-सहा वेळा चावून, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं असतं. आणि त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी वगैरे नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. यानं वजन कायमचं रोखलं जात नाही, पुढे ढकललं जातं. मला तेवढंच हवं होतं. सिगरेट सोडायला देतात ती ब्युप्रोपिऑन नावाची गोळी चालू असेपर्यंत वजनाला काहीसा लगाम घालते, पण ती सगळ्यांना चालत नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

कॉफीवरून आठवलं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर सांगते. दुसऱ्या आठवड्यात माझे हात थरथरायचे, छाती धडधडायची, रात्री दोनला टक्क जाग. मी समजले की तलफ आहे, आणि तलफ शमवायला खात सुटले. खरा घोळ वेगळाच होता. धुरातल्या डांबराने यकृतातलं एक एन्झाइम सतत जुंपलेलं असतं, आणि तेच कॅफिन फोडतं. धूर थांबला की काही दिवसांत ते सुस्तावतं. मग नेहमीच्याच कपांचं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट साचतं. मी कॉफी निम्म्यावर आणली, चार दिवसांत झोप लागली, आणि रात्री दोनचं खाणं आपोआप बंद झालं. याच एन्झाइममुळे काही औषधांची मात्राही बदलावी लागते. दम्याचं थिओफिलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं त्यातली आहेत. अशी औषधं चालू असतील तर सिगरेट सोडायच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

पण माझं वजन वाढवलं ते मुख्यतः जेवणानंतरच्या दहा मिनिटांनी. सतरा वर्षं माझं जेवण संपलं हे मला पोटाने सांगितलंच नव्हतं. सिगरेट सांगायची. ती पेटली म्हणजे जेवण झालं. ती गेल्यावर जेवणाला शेवटच उरला नाही. मी ताटावरून उठायचे, पुन्हा येऊन बसायचे, काहीतरी गोड शोधायचे, त्यावर खारट, त्यावर परत गोड. त्यात तोंडाची चव आणि नाक अनेक वर्षांनी जागं झालेलं. साध्या ब्रेडचा वाससुद्धा मला बोलावत होता. हा सगळा उद्योग मी 'भूक' या नावाखाली करत होते, आणि भूक त्यात नव्हतीच.

उपाय फारच बावळट निघाला. शेवटचा घास गिळला की लगेच दात घासायचे आणि घराबाहेर पडायचं. दहा मिनिटं चालायचं, जरा दमात. तलफेची एक लाट बहुधा चार-पाच मिनिटांत ओसरते, आणि चालताना ती नुसतीच बसून सोसण्यापेक्षा बोथट होते. टूथपेस्टच्या चवीवर काही खावंसंही वाटत नाही. ज्यांना माझ्याकडून एखादं गुपित हवं असतं त्यांना मी हे सांगते, आणि त्यांची निराशा झालेली स्पष्ट दिसते.

उरला हाताचा चाळा. दिवसाला पंधरा सिगरेटी, एकेकीचे दहा झुरके म्हटले तर दीडशे वेळा हात तोंडाकडे जायचा. त्याला रिकामा ठेवून चालत नाही. मी गाजराच्या लांब चिरलेल्या काड्या आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. पहिल्या महिन्यात बद्धकोष्ठही होतं बऱ्याच जणांना, मलाही झालं. गाजर-पाण्याने तेही काम भागलं. दारू मात्र तीन महिने पूर्ण बंद. एका पेल्यामागून सिगरेट येते आणि कॅलरी फुकटच्या.

तिसऱ्या महिन्याला काटा माळ्यावरून काढला : तीन किलो. सहाव्याला चार. तिथे थांबलं. त्यानंतर कुठे मी खाण्याकडे बघायला सुरुवात केली, तीही हळूच. दहा मिनिटांचं चालणं तोवर पाऊण तासाचं झालं होतं. जिने चढताना धाप लागेनाशी झाली म्हणून ते जमलं.

चार किलोंची मधल्या काळात भीती वाटली का? वाटली. वजन वाढलेल्यांना सोडल्यानंतरची काही वर्षं मधुमेहाचा धोका थोडा चढतो. 2018 साली एका मोठ्या अभ्यासात तो पाच ते सात वर्षांच्या दरम्यान सर्वांत वर गेलेला आणि मग उतरलेला दिसला. म्हणून मी दरवर्षी साखर तपासते. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की वजन कितीही वाढलेलं असो, न सोडणाऱ्यांपेक्षा सोडणाऱ्यांच्या अकाली मरणाचा धोका कमीच राहिला. ब्रिटिश डॉक्टरांच्या सिगरेट ओढण्यावरचा एक प्रसिद्ध अभ्यास 1951 मध्ये सुरू झाला. त्याचा पन्नास वर्षांचा हिशोब 2004 साली आला : सिगरेटने आयुष्याची सुमारे दहा वर्षं जातात, आणि चाळिसाव्या वर्षाच्या सुमाराला सोडली तर त्यातली नऊ परत मिळतात. नऊ वर्षांच्या बदल्यात दीड किलो. हा सौदा मी डोळे मिटून करेन.

ती मोठी पँट अजून आहे. दीड वर्षात ती कमरेला सैल झाली, पण धुऊन धुऊन इतकी मऊ पडली आहे की टाकवत नाही. घरात मी तीच घालते, नाडी ओढून.