हो म्हणून बसले

रविवार, रात्री साडेअकरा

पाहुणे जाऊन पाच तास झाले. पोह्यांचं पातेलं तसंच पडलंय आणि मी वही घेऊन बसलेय. कारण काय, तर एक "हो".

मुलगा वाईट नाही. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर आत्या म्हणेल, हिला कुणी पसंतच पडत नाही. आम्हाला गच्चीवर पाठवलं. त्याने पगार विचारला नाही, स्वयंपाक विचारला नाही. म्हणाला, "इफिस पाच, बावीस. तुम्हाला मान्य आहे ना?" बायबलमधलं, पौलाच्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातलं, बायकांनो, पतीच्या अधीन असा, ते वचन. आणि मी, चर्चच्या तरुण संघात पोरांशी तासन्तास वाद घालणारी मी, पटकन म्हणाले, "हो."

का पण? तो आवडला म्हणून? नाही. बत्तीस वय, चौथं स्थळ, खाली पप्पा पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा विचारत होते... असेल. त्या दुसऱ्या माणसाबद्दल आज लिहायचं नाही.

खरं म्हणजे प्रश्नच असा होता की नाही म्हटलं तर त्याला नाही होत नाही, वचनालाच नाही होतं. आणि लहानपणापासून शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठांतराची बक्षिसं घेतलेल्या पोरीला वचनाला नाही म्हणता येत नाही.

आता सगळं आठवतंय. त्याच्या आधीचंच, एकविसावं वचन, एकमेकांच्या अधीन असा. शिबिरात सेमिनरीच्या, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजच्या, सरांनी सांगितलं होतं, की सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला क्रियापदच नाही, ते एकविसाव्यातून घ्यावं लागतं. म्हणजे एवढं सगळं उसन्या क्रियापदावर! आणि बायकांना तीन वचनं, नवऱ्यांना पंचविसाव्यापासून त्याच्या दुपटीहून जास्त, तीही ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला दिलं तशी प्रीती करा म्हणणारी. गच्चीवर यातलं एक आठवेल तर शपथ.

ज्यांची गाणी आम्ही दर रविवारी म्हणतो त्या कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, 1900 चा. मधली पाच वर्षं त्या काही नवऱ्यामागोमाग "हो" म्हणाल्या नाहीत. स्वतःला पटलं तेव्हा आल्या. मला पाच सेकंद थांबता आलं नाही.

रडून घेतलं थोडं. मग मम्मीला विचारलं, तुझ्या लग्नात शपथेत आज्ञा पाळीन होतं का गं? म्हणाली, "असेल. नवी चप्पल चावत होती, कुठलं लक्ष." तीस वर्षं हिच्या नाइट ड्युटीला पप्पांनी आमचे डबे केलेत, आणि कुटुंबप्रार्थनेत अजून "मी या घराचा मस्तक" म्हणतात. मम्मी जोरात आमेन म्हणते. या दोघांत कोण कुणाच्या अधीन आहे ते पौलालाही सांगता आलं नसतं.

हसू आलं तेव्हा फोन घेतला. टाइप केलं, "पंचवीस तुम्हाला मान्य आहे ना?" वाचलं. हाही तसाच प्रश्न. तोही पटकन हो म्हणेल. खोडलं.

मग विचारायचं काय? रात्रपाळी असेल तर डबा कोण करणार, असं? ते टाइप करून ठेवलंय, पाठवलं नाही. मम्मी आतून विचारतेय, पातेलं भिजत तरी घातलंस का.

हो म्हणाले. घातलं नव्हतं.